सुलू नावाची बाई

मोनाली आशाताईची हाक दारात ऐकू आली की वत्सला आधी निऱ्या खाली ओढायची. मोनाली बिचारी वाईट नव्हती. वाडीतल्या निम्म्या पोरांना डोस तिनेच पाजले होते, अडलेल्या बाळंतिणींसाठी गाडीवाल्यांशी भांडली होती. पण आशाताई घरात आली की आधी माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळते, अशी वत्सलाची खात्री होती. आणि वत्सलाला जे लपवायचं होतं ते नेमकं खालीच होतं, साडीच्या निऱ्यांच्या आत, डाव्या पायाला.

सुरुवातीला नुसता ताप यायचा. जांघेत गाठ धरायची, पाय लाल व्हायचा, चार दिवसांनी सगळं उतरायचं. उधाणाची भरती आली की पाय चढतो, असं म्हणून तिने स्वतःची समजूत घातली. मग एकदा पाय चढला तो उतरलाच नाही. घोटा दिसेनासा झाला, पावलावर बोट दाबलं तर खळगा राहायला लागला. तेव्हापासून वत्सलाने साडी टाचेच्या खाली सोडायला सुरुवात केली. वाडीतल्या बाकीच्या बाया मासळीच्या पाण्यात साडी वर खोचून कामं करायच्या आणि ही मात्र निऱ्या भिजवत, खारं पाणी पिळत बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीखाली फिरायची. "वत्सला मास्तरीण झाली गं," असं बाया चिडवायच्या. तीही हसायची. मास्तरीण म्हणवून घेणं परवडत होतं.

गेल्या मोहिमेत मोनालीने समोर उभं राहून हत्तीरोगाच्या गोळ्या गिळायला लावल्या होत्या. वत्सलाने त्या गालात धरल्या आणि मोनाली वळल्याबरोबर चुलीमागे थुंकल्या. गोळी खाल्ली म्हणजे आजार कबूल केला, असा तिचा हिशोब. नवरा बोटीवर खलाशी, महिन्यातले बरेच दिवस दर्यावर. त्यामुळे पायाचं सगळं ठाऊक होतं ते एकट्या भाविकाला, तिच्या पोरीला.

आणि भाविकाचं लग्न ठरलं होतं.

स्थळ असं होतं की शोधून सापडलं नसतं. खाडीपलीकडच्या वाडीतला मितेश, तारापूरच्या एमआयडीसीतल्या कंपनीत ऑपरेटर, पोरगा शांत, दारूच्या वाऱ्याला उभा राहत नाही. बाप कमलाकांत एके काळचा नावाजलेला तांडेल, बोटीचा मुखिया, आता पाठीच्या दुखण्याने घरीच असायचा. साखरपुड्यालासुद्धा तो खुर्चीतून उठला नव्हता. आई नवसी मोठ्याने बोलणारी, मोठ्याने हसणारी, देण्याघेण्याचं नाव न काढणारी बाई. हळद अगदी तोंडावर आली होती, आणि त्या दिवशी नवसी मांडवाचं नि जेवणावळीचं ठरवायला म्हणून वत्सलाकडे येऊन बसली होती. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात दारात मोनाली.

"वत्सलाकाकी, ये ना गं सोसायटीच्या हॉलवर. पालघरहून म्याडम आल्यात. आठ बाया पायजेत, सहाच जमल्यात."

"कशाला?"

"गटचर्चा हाय. हत्तीरोगावर. नुसतं बोलायचं. रक्तबिक्त नाय घेणार कोण."

वत्सलाने हातातली बशी खाली ठेवली. "मला कुटं वेळ? विहीणबाई आल्यात, बघतेस ना."

"मग दोगी चला की! आठ झाल्या."

"या काय आपल्या गावच्या हायत?"

"आता सोयऱ्याच झाल्या, म्हंजे आपल्याच." मोनालीला आठाचा आकडा गाठायचा होता. त्यापुढे नियमबियम गेले खाडीत.

आणि नवसी तर उठलीसुद्धा. "चला की विहीणबाई! मला अजून कोणी कदी विचारलंय, तुला काय वाटतं म्हनून? चला, चहा तरी मिळंल."

आता नाही कसं म्हणणार? व्हायच्या विहिणीसमोर आजाराच्या नुसत्या नावाने घरात दडून बसायचं म्हणजे दवंडी पिटण्यासारखंच. वत्सलाने निऱ्या आणखी दोन बोटं खाली ओढल्या आणि निघाली. वाटेत नवसी मांडवाविषयी बोलत राहिली. वत्सलाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

हॉलमध्ये सतरंजी अंथरली होती. मध्ये एक छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र, स्टीलच्या ताटात ठेवलेलं, जणू प्रसादच. पालघरच्या हेमांगी मॅडम, तिशीतल्या, चष्मेवाल्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी प्रत्येकीच्या पदराला आकड्याचा बिल्ला लावला. इथे नावं घ्यायची नाहीत, आकड्यानेच बोलायचं, कुणी काय बोललं ते बाहेर जाणार नाही, कुणाला मधूनच जायचं असेल तर खुशाल जावं. मग त्या म्हणाल्या, "इथे बरोबर-चूक काही नाही. मी शिकवायला नाही आले, तुमचं ऐकायला आलेय. मध्ये मी काही सांगणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी नीट, स्वच्छ शब्दांत सांगितलं. पण ते कुणाच्याही डोक्यात शिरलं नाही, कारण तेवढ्यात दोन नंबर आणि सहा नंबरमध्ये बिल्ला उलटा लावण्यावरून हसाहशी चालली होती.

वत्सलाला सात नंबर मिळाला. शेजारी आठ नंबर नवसी. मांडी घालून बसायचं होतं, आणि मांडी घातली की डावा पाय दबून ठणकायला लागायचा. पाय लांब करावा तर साडीतून पाऊल बाहेर. तिने पाय तसाच दाबून धरला आणि चेहरा हसरा ठेवला.

"हत्तीरोग कशाने होतो असं तुम्हाला वाटतं?" मॅडमनी विचारलं.

मग काय, बायांची जत्राच भरली. एक म्हणाली, खाडीच्या चिखलात फार वेळ उभं राहिल्याने. दुसरी म्हणाली, ताप अंगातून बाहेर पडायला वाट मिळाली नाही की पायात उतरतो. तिसरीने आवाज खाली आणून करणीचं सांगितलं आणि कुणी केली तेही सांगायला निघाली होती, तिला मोनालीने आवरलं. दर उत्तराला मॅडम मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "बरं. अजून कुणाला काय वाटतं?"

करणीवालीलाही त्यांनी मान डोलावली. करणीवालीने सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू तिला आत्ताच सर्टिफिकेट मिळालं. आणि मिळालंच होतं तसं. शिकलेली, चष्मेवाली, पालघरहून गाडी करून आलेली बाई आपल्या बोलण्यावर मान डोलावते, याचा वाडीत दुसरा अर्थच होत नाही. मॅडमच्या कॉलेजात होत असेल, वाडीत नाही.

मग मॅडमनी पाणी पिऊन नवं सुरू केलं. "आता एक गोष्ट सांगते. समजा, एक बाई आहे. तिचं नाव सुलू. मासे सुकवायचं काम करते. तिचा एक पाय सुजलाय, आणि तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. सुलूने होणाऱ्या सोयऱ्यांना पायाचं सांगावं का?"

वत्सलाने पायावरची साडी मुठीत धरली.

"कोणची सुलू?" दोन नंबरने लगेच विचारलं. "उत्तर आळीतली?"

"छट, तिचे पाय चांगले हायत. काल बोटीच्या फळीवर नाचत होती."

"अगं मग ती माहेरी येऊन राह्यलेली सुलू."

"तिला पोरगी कुटं हाय? दोन पोरगे हायत."

"नाही नाही," मॅडम घाईने म्हणाल्या, "समजा म्हटलं मी. अशी कुणी खरी बाई नाही."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सहा नंबर पदराआडून कुजबुजली, "नाव बदललंय. आपल्याला आकडे दिलेत ना, तसंच तिलाबी नाव दिलंय." हे सगळ्यांना तात्काळ पटलं. घर नाही, आळी नाही, माहेर नाही, नवऱ्याची बोट नाही, अशी बाई असूच कशी शकते? बाई आहे, नाव तेवढं झाकलंय. आणि मग सगळ्यांच्या नजरा त्या गोल बसलेल्या घोळक्यात फिरायला लागल्या. मासे सुकवणारी, पोरीचं लग्न ठरलेली. कोण बरं?

वत्सलाने मोनालीकडे पाहिलं. मोनाली खाली मान घालून चहाचे कागदी कप मोजत होती. हिनेच सांगितलं! थुंकलेल्या गोळ्या हिला सापडल्या असणार, ही मॅडमला बोलली असणार, आणि आता ही सगळी मंडळी मिळून विहिणीच्या शेजारी बसवून तिचा पाय उघडा पाडणार. अजून एक नजर, अजून एक प्रश्न, आणि भाविकाचं लग्न गेलं. तिला उठून पळावंसं वाटलं. पण पाय मुंग्यांनी मेला होता, उठली असती तर लंगडलीच असती.

"सात नंबर, तुम्हाला काय वाटतं?" मॅडमनी हसून विचारलं.

घाबरलेलं माणूस गप्प तरी बसतं नाहीतर नको तितकं बोलतं. वत्सला बोलली.

"सांगायलाच पायजे तिनं! लपवते म्हंजे काय? फसवणूक हाय ती." आपलाच आवाज तिला परका वाटला, पण थांबता येईना. "मी तर म्हंते, असल्या घराशी सोयरीकच करू नये. मी तरी नाय करनार. रक्तातलं असतं ते. आज आईला, उद्या पोरीला, परवा नातवंडांना. आख्खं घर नासतं."

बाया चपापल्या. मग दोघी-तिघींनी "ते बी खरंच" म्हटलं. आणि नजरा वत्सलावरून सरकल्या. इतकं तोडून बोलणारी बाई सुलू असणं शक्यच नव्हतं. वत्सलाला एकदम हलकं वाटलं.

मॅडमनी मान डोलावली. "बरं. अजून कुणाला?"

इतका वेळ बडबडणारी नवसी या प्रश्नाच्या वेळी गप्प होती. आता तिने हळूच विचारलं, "अन् बापाला असंल तर? बापाकडनं पोराला येतं?"

विचारलं होतं मॅडमना. पण मॅडम म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांना काय वाटतं?" आणि वत्सलाने उत्तर देऊन टाकलं. नवसीला आपला संशय आलाय, ती बाजू बदलून चाचपतेय, असंच तिला वाटलं होतं. "आईकडनं काय नि बापाकडनं काय, रक्त ते रक्त. येनारच."

नवसी मॅडमकडे पाहत राहिली. मॅडमनी मान डोलावली. "बरं," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने नवसीने बिल्ला काढून सतरंजीवर ठेवला. "मला टमटम गाठायचीय," एवढंच म्हणाली, आणि चहा न घेता निघाली. वत्सलाने "मांडवाचं राह्यलं की विहीणबाई," म्हटलं, त्यावर तिने मागे वळूनही पाहिलं नाही. टमटमची घाई असेल, असं वत्सलाने मनाला सांगितलं.

चर्चा संपली तेव्हा मॅडमनी यंत्र बंद केलं, वही मिटली आणि त्यांचा आवाजच बदलला. "आता माझं ऐका हं. मघापासून मी काही खोडलं नाही, कारण मला तुमच्या मनातलं हवं होतं. हा आजार करणीने होत नाही, चिखलाने होत नाही, आणि आईबापाच्या रक्तातून मुलांना तर अजिबात येत नाही. डास चावून येतो. एका माणसाच्या रक्तातले बारीक जंतू डास घेतो आणि दुसऱ्याला देतो, तेही पुष्कळ वेळा, पुष्कळ दिवस चावून. म्हणून तर सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या."

"मग मघाशी मान कशाला डोलवत होतात?" करणीवालीने तक्रारीच्या सुरात विचारलं.

मॅडम गोंधळल्या. "ते... ऐकतेय, एवढंच सांगायला."

बाया खो खो हसल्या. वत्सला हसली नाही. ती नवसी निघून गेलेल्या दाराकडे पाहत होती. मॅडम पुढे सांगत होत्या, सुजलेला पाय रोज साबणाने धुवून कोरडा करायचा, बसताना उंचावर ठेवायचा, मग ताप येणं थांबतं, सूज आटोक्यात राहते. पुष्कळ पुरुषांना पायाऐवजी खाली अंडाला सूज येते, ती तर ऑपरेशनने जाते, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. यावर बायांनी पदरात तोंडं लपवली.

"म्याडम," वत्सलाने चाचरत विचारलं, "ती सुलू कोन?"

"अहो कुणीच नाही. काल रात्री बसून मी बनवली."

"मोनालीनं नाय सांगितली?"

"मोनाली काय सांगणार?"

मोनाली खरोखरच नुसते कप मोजत होती. वत्सला उठली, भिंतीला धरून पायातल्या मुंग्या जाईपर्यंत उभी राहिली. म्हणजे कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. तिने गप्प बसून "मला काय ठाव" म्हटलं असतं तरी भागलं असतं. जे ती बोलली ते उगाचच बोलली, आणि जिने ते ऐकायला नको होतं ती खरं ऐकायच्या आत निघून गेली होती. पण निदान विहिणीला संशय तर नाही, असं घोकत ती घरी आली.

दिवेलागणीला नवसीचा फोन आला. आवाज बसलेला. "विहीणबाई, हळद जरा लांबवू या."

"का हो? काय झालं?"

"बोलू मागनं." फोन बंद.

वत्सला तिथेच उंबऱ्यावर बसली. कळलं म्हणजे. नक्कीच कळलं. मांडी घालून बसताना साडी सरकली असेल, नाहीतर उठताना पाहिलं असेल कुणीतरी. भाविका आतून आली. तिने आईचा चेहरा पाहिला, आणि तिचाही उतरला.

"त्यांनी पाय बगितला?"

"ठाव नाय."

"तिथं काय झालं ते नीट सांग, आई."

वत्सलाने सांगितलं. आधी अर्धवट, मग भाविका नजर काढेना तेव्हा पुरतं. सुलू, मॅडमची मान, आणि आपण काय बोललो ते शब्दाला शब्द. भाविकाने आईच्या टाचेखाली लोळणाऱ्या निऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे तू मितेशची आई असतीस तर मला सून केली नसतीस."

"अगं मी भियाले म्हनून..."

"ते कळलं मला." आणि ती परत आत गेली. भांडली असती तर वत्सलाला बरं वाटलं असतं.

रात्रभर तिने कूस बदलली, आणि सकाळी बोंबील वलांडीवर तसेच सोडून ती खाडीपलीकडे निघाली. टमटममध्ये एका बाजूला कोळंबीची पाटी, दुसऱ्या बाजूला कंपनीची पाळी संपवून डुलक्या काढणारा माणूस, त्यांच्यामध्ये पाय खाली लोंबकळत ठेवून ती बसली. पाय चढत होता. काय बोलायचं ते ती जुळवत होती. पाय मुरगळलाय म्हणावं? पडलेय म्हणावं? मॅडमनी सांगितलंय, आईचं पोरीला येत नाही, असं म्हणावं? पण मग आई कोण, ते सांगणं आलंच. पूल ओलांडेपर्यंत तिने तीन खोटी कारणं तयार केली होती, आणि तिन्ही तिला स्वतःलाच पटत नव्हती.

नवसी ओट्यावर सुकट निवडत होती. वत्सलाला पाहून उठली नाही. डोळे सुजलेले होते. रागावलेल्या विहिणीचे असतात तसे हे डोळे नव्हते, आणि वत्सलाची तिन्ही तयार कारणं तिथेच निकामी झाली.

"बसा," नवसी म्हणाली. "तुमी यायला नको होतं. मीच येनार होते, पन पाय उचलला नाय. आता आलात तर ऐका. आमच्यात खोट हाय."

वत्सलाला कळेना. "कसली खोट?"

"ह्यांचं पाठीचं दुखनं नाय ते. आमी लोकांना पाठ सांगतो. त्यांना खाली सूज हाय, केवढी म्हनून सांगू तुमाला. चार वर्सं बोटीवर गेले नायत. लुंगी नेसून घरात बसतात, कोन आला की जाळं मांडीवर ओढून घेतात." नवसीने सूप बाजूला ठेवलं. "मला वाटलं, जाऊ दे, आता वय झालं, पोराचा काय संबंध. पन काल तुमी बोललात. बापाचं पोराला येतं. म्याडमनं मान हलवली, मी माझ्या डोळ्यानं बगितली. मग मी जानून बुजून तुमच्या पोरीला कशी बुडवू? तुमीच म्हनालात ना, असल्या घराशी सोयरीक करनार नाय. मग नाय तर नाय. मोडू आपन. दोष माझ्यावर घेते मी."

वत्सलाने स्वतःला वाचवायला जाळं टाकलं होतं, आणि त्यात ही भली बाई अडकली होती. ती घाईघाईने सांगायला लागली. रक्तातून येत नाही, डास चावून येतो, मॅडमनी नंतर सगळं सांगितलं, तुमी आधी निघालात, मान हलवली ती नुसती ऐकायला. सांगता सांगता तिलाच ऐकू यायला लागलं की हे किती खोटं वाटतंय.

नवसीने कडवटपणे मान हलवली. "काल येक, आज दुसरं. पोरीचं लग्न मोडंल म्हनून बोलता हे."

"शप्पत, विहीणबाई!"

"घर नासतं म्हनालात. आख्खं घर." आता मात्र नवसीचा आवाज चढला. "मला आजाराचं येवढं नाय. पन तुमची पोरगी ह्या घरात येनार, ह्यांच्या पुढं ताट ठेवनार. तिच्या आईच्या मनात त्यांच्याबद्दल हे हाय? मग तिथं बोललात ते हितं बोला. त्यांच्या तोंडावर."

आतून खोकल्याचा आवाज आला. "कोन आलंय गं?"

"बाहेर या," नवसी म्हणाली. "तुमच्या विहीणबाईंना काय बोलायचंय."

कमलाकांत दाराला धरून, पाय फाकवून, एकेक पाऊल टाकत बाहेर आला. केवढा उंच माणूस. बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, उभा राहिला की किनाऱ्यावरून ओळखू यायचा, असं लोक सांगायचे. आता तो स्वतःच्याच ओट्यावर चोरासारखा उभा होता, एका हाताने लुंगीचा घोळ पुढे धरून. बायकोच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं असावं. त्याने मान खाली घातली.

"बोला, विहीणबाई," तो म्हणाला. "ऐकायची सवय हाय मला."

वत्सला पुढे झाली. त्या मोठ्या माणसाची खाली घातलेली मान तिला बघवेना. गेली कित्येक वर्षं ती स्वतः तशीच मान घालून साडीचा काठ बघत फिरत होती. तिने वाकून निऱ्या दोन्ही हातांनी धरल्या आणि गुडघ्यापर्यंत वर उचलल्या.

"मी माझ्याबद्दल बोलले, व्याही," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल नाय."

नवसी उठून उभी राहिली. सकाळच्या उन्हात तो पाय तसाच उघडा राहिला, घोटा नसलेला, कातडी ताणून चकाकणारा. समोरच्या ओट्यावरची बाई पाहत होती. पाहू दे, असं वत्सलाला पहिल्यांदा वाटलं.

कमलाकांतने बराच वेळ त्या पायाकडे पाहिलं. मग हात लांब करून भिंतीजवळचं प्लास्टिकचं स्टूल पुढे ओढलं. "उभ्या राहू नका. उभ्यानं चढतो तो. बसा, पाय ह्याच्यावर ठेवा." ती बसली. त्याने विचारलं, "दुकतो?"

वत्सलाला हुंदका आवरेना. तिच्या घरात त्या पायाबद्दल आजवर एकच प्रश्न विचारला गेला होता, कुणी बघितला का. भाविका तोच विचारायची, आणि ती स्वतःलाही तोच विचारायची. "दुकतो हो," ती रडत म्हणाली, "लई दुकतो."

नवसी तिच्या शेजारी येऊन टेकली. मग नवसीने नाक पुसलं आणि सावकाश विचारलं, "डास म्हनालात ना मगाशी? म्हंजे मितेशला काय नाय?"

"बापामुळं काय नाय. भाविकालाबी माझ्यामुळं काय नाय. गोळ्या घ्यायच्या सगळ्यांनी. मी थुंकल्या होत्या." एकदा उघडं पडल्यावर वत्सलाला आता काहीच झाकावंसं वाटत नव्हतं. "अन् व्याही, पुरुषांचं तर ऑपरेशन होतं म्हनं. सरकारी दवाखान्यात. सूज जाते."

कमलाकांतचा हात लुंगीवरून निसटला. "जाते?"

"म्याडम म्हनाल्या. मी ह्या कानानं ऐकलं."

"पुन्ना बोटीवर जाता येतं?"

"ते नाय विचारलं मी. विचारते."

तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि खाडीच्या दिशेने पाहत राहिला. एवढ्या वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने हे कुणाला दाखवलंच नव्हतं. मग तो एकदम लहान पोराच्या अधीरपणाने म्हणाला, "हळदीच्या आदी होईल का? पोराच्या हळदीत मला नाचायचंय."

"येवढ्या लवकर कसं होईल?" वत्सला म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. नवसीने डोळे पुसले, सुकटीचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "हळद ठरल्या दिवशीच लागंल. तुमी दोगं बसून नाचा."